खाडीपलीकडची मुलं शाळेत यावीत म्हणून: किनाऱ्यावर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मी किनाऱ्यावरच्या शाळेत रुजू झालो तेव्हा एका गोष्टीने मला बरेच महिने छळलं. खाडीच्या मुखापलीकडच्या वाडीतली मुलं महिन्यातून दोनदा, लागोपाठ तीन-चार दिवस गैरहजर असायची. मी पालकांना बोलावलं, समजावलं, एकदा रागावलोही. ती माणसं खाली मान घालून ऐकून घ्यायची. शेवटी तरीवरच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीवरच्या, काकांनी विचारलं, "गुरुजी, भिंतीवर कॅलेंडर आहे ना? गैरहजेरीच्या दिवशी तिथी कोणती होती ते बघा." बघितलं. प्रत्येक वेळी अमावास्या किंवा पौर्णिमा, आणि तिच्या मागचेपुढचे दिवस. उधाणाच्या त्या दिवसांत नेमक्या शाळा भरायच्या वेळेला पुळणीवरची (किनाऱ्याच्या वाळूतली) वाट पाण्याखाली जायची. पाणी उतरेपर्यंत दुपारचे दोन-अडीच वाजत. तेवढ्यासाठी कोण येणार? मुलं वाट बघून घरी परतायची आणि मी पटावर "गैरहजर" लिहायचो.

हा लेख त्या दिवसातल्या माझ्यासारख्यांसाठी आहे: घाटावरून इकडे नेमणूक झालेले शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीवर पहिल्यांदाच आलेले पालक, ग्रामपंचायतीचे नवे सदस्य, एखाद्या संस्थेकडून आलेले कार्यकर्ते. अनुभव पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्याचा आहे. इथे शाळाच नाही म्हणून मूल घरी राहिलं, असं आता फार कमी दिसतं. शाळा असते, नाव पटावर असतं, पुस्तकं मिळालेली असतात. पण शाळेची वेळ आणि समुद्राची वेळ जुळत नाही, आणि त्या फटीतून मूल हळूहळू निसटतं. म्हणून योजनांची यादी घेऊन गावात जाऊ नका. आधी फट कुठे आहे ते शोधा.

पहिली पायरी: पट बाजूला ठेवा, घरं मोजा

मुहूर्त जूनचा धरा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, वडील घरी, अंगणात जाळी विणायचं काम चालू. वर्षभरात बापमाणूस दिवसाउजेडी निवांत भेटतो तो याच दोन महिन्यांत. ऑगस्टनंतर गेलात तर आई पहाटेच लिलावाला गेलेली आणि वडील समुद्रात. दाराशी आजी भेटेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल.

पण एक ध्यानात ठेवा. घरात पैसा सर्वांत कमी असतो तोही याच दोन महिन्यांत, आणि वह्या, दप्तर, रेनकोट यांचा खर्च नेमका तेव्हाच येतो. त्यामुळे पहिल्या भेटीत कोणत्याही खर्चाचा विषय काढू नका. गणवेशासाठी थांबलेलं मूल "बरं वाटत नाही" म्हणून घरी बसतं, आणि खरं कारण तुम्हाला कोणी सांगत नाही.

एक साधी वही करा. घर, मुलाचं नाव, वय, शेवटची इयत्ता, घरात लहान भावंड आहे का, वडील स्वतःच्या होडीवर की दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, शाळेपर्यंत जायची वाट कोणती. एवढे रकाने पुरे. सहा ते चौदा वयाचं जे मूल कधी दाखलच झालं नाही, किंवा दाखल होऊन न कळवता महिन्याहून जास्त दिवस आलेलं नाही, ते शाळाबाह्य.

वाडी संपली की मोजणी संपत नाही, नवी माणसं इथेच चुकतात. शाळाबाह्य मुलं बहुतेक वेळा गावाच्या यादीतच नसतात. रत्नागिरीकडे हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. दिवाळीच्या आगेमागे येतात आणि आंबा संपला की जातात. बंदरावर खलाशांच्या खोल्या असतात, त्यातही नेपाळी आणि परप्रांतीय बरेच. रायगड-पालघरकडे मिठागरं, वीटभट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या. तिथे कातकरी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन गेलेली असतात. डहाणू-तलासरीकडचे तरुण थेट गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा आणि ते पान जूनमध्ये नाही, नोव्हेंबरमध्ये भरा.

दुसरी पायरी: भरती-ओहोटी शिका

हे नवख्याला अवघड वाटतं, पण एका संध्याकाळी शिकता येतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबईकडे हा हिशेब बराचसा जुळतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भरती थोडी आधी येते. तुमच्या गावचा फरक तरीवाल्याला विचारा, तो घड्याळ न बघता सांगेल.

पाणी किती चढतं हेही जागेप्रमाणे बदलतं. मुंबई-पालघरकडे उधाणाला भरती आणि ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, मालवणकडे दोनेक मीटर. म्हणून पालघरच्या खाडीत ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि तारकर्लीकडे तसं होत नाही. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

आता हे तुमच्या मुलांना लावून बघा. चालत येणारी आणि होडीने येणारी मुलं वेगळी करा, कारण दोघांचं संकट उलटं असतं. चालणाऱ्यांची वाट भरती अडवते. होडीवाल्यांना ओहोटी अडवते: जेटीपाशी पाणी नसतं, होडी चिखलात रुतते, मुलं गुडघाभर गाळातून दप्तर डोक्यावर घेऊन उतरतात. पौर्णिमेला दुपारी बाराला भरती असेल तर चालणारी मुलं सकाळी अडकतील आणि होडीने आलेली संध्याकाळी पाच-साडेपाचला परतताना अडकतील. हे कळलं की "मुलं अनियमित आहेत" हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

मग काय करायचं? महिन्याच्या सुरुवातीला फळ्याशेजारी एक तक्ता लावा: तारीख, तिथी, भरतीची वेळ, त्या दिवशी कोणत्या वाडीला अडचण. वरच्या वर्गातली मुलं तो आनंदाने करतात. गणित आणि भूगोल एकदमच होतो. अडचणीच्या दिवसांसाठी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळ बदलण्याची परवानगी मागा. महिन्यातल्या चार-सहा दिवसांपुरती, सकाळच्या सत्राची. सोबत गेल्या तीन महिन्यांची हजेरी आणि तिथ्यांचा तक्ता जोडा. परवानगी मिळाली नाही तर दुसरा मार्ग: त्या दिवसांसाठी वाडीतच बसायची जागा. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, मच्छीमार सोसायटीचं गोदाम, कुठलीही. गावातली बारावी झालेली एखादी ताई दोन तास मुलांना घेऊन बसली तरी सलग चार दिवसांचा खंड पडत नाही. शिकणं मोडतं ते अशा खंडांनी.

तिसरी पायरी: घरातलं कारण ऐका

वाट मोकळी असूनही मूल येत नाही, तेव्हा कारण घरात असतं. ते विचारून मिळत नाही. पहाटे बंदरावर जाऊन उभं राहिलं की दिसतं.

सिंधुदुर्गात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जे जे हात लागतात त्या सगळ्यांना वाटा मिळतो. दहा वर्षांचं पोरही दोर धरतं आणि पिशवीभर मासे घरी नेतं. त्याला कोणी कामाला लावलेलं नसतं. तो सगळ्या गावाचा उत्सव असतो, तिथे त्याला मोठं झाल्यासारखं वाटतं. अशा मुलाला "शाळा बुडवतोस" म्हणून वर्गात उभं केलंत तर तुम्ही हरलात. रापण लागली त्या दिवशी ते दुपारी आलं तरी आत घ्या आणि आज काय काय लागलं ते फळ्यावर लिहायला सांगा. माझ्या वर्गातला एक मुलगा वाचायला शिकला तो बांगडा, तारली, पेडवे यांची नावं लिहिता लिहिता.

कोळंबी सोलणं हे मात्र वेगळं. किलोवर मजुरी मिळते, बर्फातलं काम असतं, हातांची सालं निघतात, आणि आईबरोबर मुलगी जाते. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंदी आहे. घरच्या उद्योगात मदत चालते, तीही शाळेच्या वेळेनंतर. इथे नरमाईने बोला, पण मागे हटू नका. गरज पडली तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. मी तो एकदाच वापरला, आणि उशिरा वापरला याचं वाईट वाटतं.

सर्वांत जास्त मुली अडकतात त्या लहान भावंडापायी. आई पहाटे चार वाजता पाटी घेऊन निघते, बाजार उरकून यायला बारा-एक वाजतात. अंगणवाडी उघडेपर्यंत तान्हं कोणाकडे? दहा वर्षांच्या ताईकडे. यावर मला एकच उपाय चाललेला दिसला: वाडीतल्याच एखाद्या आजीकडे तीन-चार घरांची मुलं सकाळी ठेवायची आणि आयांनी मिळून तिला काही द्यायचं, मासळीच्या रूपाने दिलं तरी चालतं. हे तुम्ही सांगून होत नाही. बचत गटाच्या बैठकीत एखाद्या आईने सांगितलं तर होतं.

आणि उचल. खलाशाने हंगामाच्या आधी बोटमालकाकडून पैसे उचललेले असतात. बाप आजारी पडला की ती उचल फेडायला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बोटीवर चढतो. हे नेमकं आठवी-नववीत घडतं. नाखवा (बोटमालक) गावातलाच असेल तर त्याच्याशी थेट बोला. तो बहुतेक शाळेचा माजी विद्यार्थी असतो आणि अनेकदा ऐकतो.

चौथी पायरी: कागद नसले तरी दाखल करा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो उशाशी ठेवा. तुम्हाला रोज लागतील अशा चार गोष्टी त्यात आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तेही नसेल तर पालकाचं प्रतिज्ञापत्र. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलं म्हणून परत पाठवता येत नाही. आणि मूल अकरा वर्षांचं असेल तर त्याला पहिलीत नाही, वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं.

आधारचा प्रश्न प्रत्येक वेळी येईल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलं आहे. तरी मुख्याध्यापक का-कू करतात, त्यामागची त्यांची अडचण समजून घ्या: शिक्षकांची पदं पटावर ठरतात, आणि आधार न जुळलेली मुलं त्या मोजणीत अडतात. भांडण्यापेक्षा आधी मूल वर्गात बसवा, आधारचं मागाहून बघू म्हणा, आणि मग खरंच बघा. ज्यांचं आधार निघू शकतं त्यांना घेऊन तालुक्याला जा. हा फेरा कंटाळवाणा आहे, पण तो कोणीतरी मारावाच लागतो.

नेपाळी मुलांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात. नेपाळात दुसरीपर्यंत शिकून आलेल्या मुलाला मराठी पुस्तकातली अक्षरं ओळखीची असतात. शब्द नवे असतात. त्याला अक्षरओळखीच्या गटात बसवणं म्हणजे त्याचा वेळ आणि मान दोन्ही घालवणं. आधी वाचायला द्या, अर्थ नंतर सांगा. मे महिन्यात कुटुंब निघेल तेव्हा शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत सहज प्रवेश मिळावा म्हणून शाळा देते ते), काय शिकून झालं ते लिहिलेला कागद आणि आपल्या शाळेचा पत्ता हातात द्या. पुढच्या हंगामात तेच कुटुंब त्याच बागेत यायची शक्यता असते.

जाता जाता, दाखलखारीज रजिस्टरची (मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची वही) नोंद. नाव, आडनाव, जन्मतारीख, जात हे लिहिताना घाई करू नका. बापाच्या आणि आजोबांच्या दाखल्यावर जसं आहे तसंच लिहा. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी हीच नोंद बघतात. एका काना-मात्रेपायी अकरावीच्या प्रवेशाला अडलेली मुलं मी पाहिली आहेत.

पाचवी पायरी: वाट

यावर सगळ्यात जास्त वेळ जाईल, आणि जावाच.

नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. वस्तीत पुरेशी मुलं नसतील आणि म्हणून शाळा देता येत नसेल, तर मुलांची ने-आण करणं ही शासनाची जबाबदारी राहते. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, दर मुलामागे वर्षाला ६००० रुपयांपर्यंत. हा भत्ता आपोआप येत नाही. पात्र वस्ती आणि मुलं यांची यादी शाळेकडून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशी वर जावी लागते, तेव्हा पुढच्या वर्षाच्या आराखड्यात ती वस्ती येते. यादीत अंतर लिहिताना नकाशावरचं सरळ अंतर लिहू नका. खाडीच्या पलीकडची वाडी नकाशावर ६०० मीटर दिसते आणि रस्त्याने १४ किलोमीटर असते. वर्षभर चालता येईल अशा वाटेचं अंतर लिहा आणि शेजारी "मध्ये खाडी, पूल नाही" असं ठळक लिहा. वीस मुलांपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचा विचार पुन्हा पुन्हा पुढे येतो. तसा प्रस्ताव तुमच्या वाडीसाठी आला तर हाच कागद तुमच्या कामाला येईल.

होडी असेल तर. होडीची परवानगी, किती माणसं बसायची, जीवरक्षक जाकिटं किती, हे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाच्या अखत्यारीत येतं. होडीवर क्षमता लिहिलेली असते, ती वाचा आणि मुलं मोजा. जाकिटं मोठ्या माणसांच्या मापाची असतात, सात वर्षांचं मूल त्यातून निसटतं. लहान मापाची स्वतंत्र मागा. असलेली जाकिटं बहुतेक वेळा होडीच्या टपाखाली बांधून ठेवलेली सापडतील. शाळेची पहिली बैठक जाकीट घालायच्या सरावाने सुरू करा, पालकांसमोर. आणि वारा असला की होडी सोडायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या तरीवाल्याचा. शिक्षकाने, अधिकाऱ्याने, परीक्षा आहे म्हणून पालकानेही त्याच्यावर दबाव आणायचा नाही. हे बैठकीत सगळ्यांसमोर बोलून ठेवा. त्या दिवशीची गैरहजेरी मुलाच्या नावावर मोजायची नाही, हेही.

डिझेलच्या पैशाचा प्रश्न येईल. मच्छीमार सहकारी सोसायटीकडे जा. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत ग्रामपंचायतीपेक्षा तिचा शब्द चालतो, तिच्याकडे डिझेलचा पंप असतो, बर्फाचा कारखाना असतो. एका शाळकरी होडीचं महिन्याचं डिझेल तिला जड नाही; पण कोणी जाऊन मागितलेलं नसतं. मुस्लिम मोहल्ल्यांत जमातीच्या मंडळींशी बोला, कोळीवाड्यात पंचांशी, सिंधुदुर्गात गावकर-मानकऱ्यांशी. गोव्यात दिवाडी, चोडण अशा बेटांवर सरकारी फेरीबोट चालते आणि पायी प्रवाशांना ती फुकट आहे. आपल्याकडे खाडीची तर (होडीची ने-आण) ही गावाची आणि ठेकेदाराची गोष्ट राहिली, त्यामुळे हे बोलणं गावानेच करावं लागतं.

पऱ्ह्या आणि वहाळ यांनाही विसरू नका. पावसाळ्यात चार महिने मूल घरी राहतं ते कित्येकदा वीस फुटी ओढ्यापायी. तिथे मोठा पूल नको, साकव (लहान पायपूल) हवा. ग्रामसभेत ठराव घ्या, विकास आराखड्यात घाला, आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीसाठी जिल्हा परिषद सदस्यांमार्फत पाठपुरावा करा. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. साकवाचं बोलायला २ ऑक्टोबरची सभा चांगली, पावसातल्या अडचणी लोकांच्या ताज्या लक्षात असतात. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या.

एसटीचं त्यामानाने सोपं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत गावापासून शाळेपर्यंतचा पास मोफत आहे, मुलांना भाड्यात मोठी सवलत आहे. अडतं ते वेळेवर. वस्तीची गाडी पहाटे साडेपाचला सुटते आणि पुढची साडेअकराला, मग हायस्कूलची मुलं कशी जाणार? शाळेचं पत्र, मुलांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. पत्र पाठवू नका, भेटा.

कुठेच दाद लागली नाही तर लेखी तक्रार करा. स्थानिक प्राधिकरणाने तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यापुढे राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग आहे. तक्रार शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने जाऊ द्या. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. समितीच्या सभा दुपारी बारा वाजता ठेवल्यात तर मासळी विकणारी एकही बाई येणार नाही, चारनंतर ठेवा.

सहावी पायरी: वर्गातली भाषा

थोडक्यात सांगतो. मालवणी, आगरी, कोळी, संगमेश्वरी, दालदी (मुस्लिम मच्छीमार) घरांतली बोली: मूल ती घेऊन येतं. पहिले सहा महिने तिला "अशुद्ध" म्हणू नका, हसू तर मुळीच नका. घाटावरून आलेल्या शिक्षकांनी पन्नास शब्दांची वही करावी, मुलांकडून शिकून. रत्नागिरी-रायगडात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत. एखादं मूल कोणत्या माध्यमात टिकेल हे आईला विचारून ठरवा.

सातवी पायरी: शाळा बदलते तिथे स्वतः जा

वाडीतली शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे पाचवी, कुठे सातवी. निकालाच्या दिवशी दाखला हातात पडतो आणि पुढची शाळा सात किलोमीटरवर. या एका उडीत जेवढी मुलं गळतात तेवढी वर्षभरात गळत नाहीत. म्हणून दाखला पालकाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. मे महिन्यातच पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना यादी द्या, आणि जूनमध्ये पहिल्या दिवशी मुलांबरोबर स्वतः जा. त्याच गाडीने किंवा होडीने. वाटेतला कोणता टप्पा पालकांना भीतीचा वाटतो ते तुम्हाला चालतानाच कळेल. मुलींच्या बाबतीत तो बहुतेक शेवटचा एक किलोमीटर असतो, थांब्यापासून वाडीपर्यंतचा, हिवाळ्यातल्या सहा-साडेसहाच्या अंधारातला. दोन सौरदिवे आणि चार मुलींनी एकत्र यायचा नेम, एवढ्यावर आमच्याकडे तीन मुली दहावीला पोचल्या.

रोज जाणं शक्यच नसेल तर निवासी पर्याय बघा. सहावीसाठी जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा; रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा: निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि उचलीच्या हिशेबापुढे तो आकडा घरात वजन ठेवतो.

जो मुलगा बोटीवर गेलाच, त्याचंही नाव वहीतून खोडू नका. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे त्याला जूनमध्ये, बंदीत घरी असताना सांगा. फॉर्मच्या तारखा तुम्ही लक्षात ठेवा. तो समुद्रात असेल.

वादळाच्या दिवसांसाठी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूने जमिनीवर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेलं. दोन्ही वेळा शाळांचे पत्रे उडाले, कपाटं भिजली. मेच्या पहिल्या आठवड्यात दाखलखारीज रजिस्टरचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, मूळ वही प्लॅस्टिकमध्ये बांधून उंचावर. वादळात शाळेचाच निवारा होतो आणि तो व्हायलाही हवा. पण लोक घरी गेल्यावर शाळा कोण धुणार, आणि तोवर वर्ग कुठे भरणार, हे सरपंचांशी आधीच ठरवा. नाहीतर दोन दिवसांचा निवारा आणि तीन आठवड्यांची सुट्टी होते.

आणि ऑगस्टमध्ये

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सागराला वाहतात, होड्या पाण्यात जातात, गाव दोन दिवस नाचतं. त्या दिवसांत हजेरी मागू नका, तुम्हीही जा. पुढच्या सोमवारी मात्र वही उघडा आणि जूनमध्ये लिहिलेलं एकेक नाव वर्गाशी ताडून बघा. आठवीतली मुलं आधी. जो दिसत नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा. त्याची बोट पहिल्या फेरीहून परतायची असेल तर जेटीवर थांबा.